देह, प्रतीक आणि इतिहास : नलिनी मलानी यांची चित्रसृष्टी

चित्रकलेविषयी लिहावयाचे तर ते चित्रकाराने किंवा कलासमीक्षकाने लिहावे; भाषा आणि वाङ्मय यांच्या उपासकांनी त्या वाटेला का जावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. ज्या चित्रकर्तीची ओळख येथे करून द्यावयाची आहे, त्यांच्या महत्त्वाच्या कृती वाङ्मयाच्याच पायावर उभ्या आहेत. मंटो यांची कथा, महाश्वेतादेवींची कथा, फैज यांची कविता, ग्रीक पुराणकथा आणि आपले रामायण-महाभारत ही त्यांची सामग्री होय. हे झाले एक कारण. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. समाज उलथापालथीत सापडतो तेव्हा स्त्रीच्या देहाचे काय होते आणि त्याविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हा प्रश्न या चित्रांनी जितक्या सातत्याने विचारला आहे, तितका तो शब्दांच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आपण मंडळींनी विचारलेला नाही.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. त्या दीड वर्षाच्याही नव्हत्या, तोच देशाची फाळणी झाली आणि त्यांचे कुटुंब प्रथम कलकत्त्यास व पुढे १९५४ च्या सुमारास मुंबईस आले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील त्यांचे शिक्षण १९६९ साली पूर्ण झाले. विद्यार्थिदशेतच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करण्यास जागा मिळाली. चित्रकार, गायक-वादक आणि नाट्यकर्मी तेथे एकाच छताखाली वावरत असत. चित्र, नाट्य आणि ध्वनी यांच्यातील भिंती नलिनीबाईंनी पुढे इतक्या सहजपणे ओलांडल्या, त्याचे एक मूळ तेथे असावे. १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी चित्रकारांसाठी चालविलेल्या कार्यशाळेत त्यांनी चित्रफिती तयार केल्या. १९७० ते १९७२ या काळात फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला होत्या. परत आल्यावर मात्र त्यांनी कर्मभूमी म्हणून मुंबईच निवडली. लोहार चाळीतील गजबजलेल्या वस्तीत त्यांचे कामाचे ठिकाण होते आणि त्या गल्ल्यांतील कष्टकरी माणसे त्यांच्या चित्रांत उतरली. १९८७ ते १९८९ या काळात माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या समकालीन चित्रकर्तींसह त्यांनी प्रदर्शने भरविली. केवळ स्त्रियांनी एकत्र येऊन आपली चित्रे मांडणे ही गोष्ट त्या वेळी आपल्याकडे नवी होती. पुढे जपानमधील फुकुओका पारितोषिक २०१३ मध्ये आणि क्योतो पारितोषिक २०२३ मध्ये त्यांना मिळाले. २०१७ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. असे असूनही मराठी वाचकवर्गाला त्यांचे नाव असावे तितके परिचित नाही.

त्यांच्या चित्रांकडे वळण्यापूर्वी एका साध्या वाक्याचा विचार करू. ‘तिची अब्रू गेली’ हे वाक्य आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि घरगुती बोलण्यातही आपण किती वेळा वाचले, ऐकले असेल! व्याकरणाच्या तासाला विद्यार्थ्याला या वाक्यातील कर्ता ओळखावयास सांगितले, तर तो ‘अब्रू’ असे उत्तर देईल आणि ते बरोबरच असेल. पण मग ज्याने अपराध केला तो या वाक्यात कोठे आहे? तो कोठेच नाही. ज्या स्त्रीने सोसले तिचेच काहीतरी गेले, एवढेच हे वाक्य सांगते. ‘कलंक लागला’, ‘ती बाटली’ या प्रयोगांचीही तीच गत. याउलट ‘बलात्कार’ हा शब्द पाहा. बळाने केलेले कृत्य असे तो स्पष्ट सांगतो आणि कृत्य म्हटले की ते करणारा आलाच. एका पद्धतीच्या शब्दांत अपराधी दिसेनासा होतो, दुसऱ्या पद्धतीच्या शब्दांत तो उभा राहतो. ‘अब्रू’च्या भाषेत स्त्रीचा देह हा तिचा स्वतःचा नसतोच, तो कुळाची, जातीची, धर्माची किंवा राष्ट्राची ठेव असतो. ठेव म्हटली की तिचे रक्षण करणारे आले, तसेच ती लुटणारेही आले. जिचा तो देह आहे तिला मात्र या व्यवहारात विचारणारे कोणी नसते. देहाचे असे प्रतीक कसे बनते आणि त्या प्रतीकाखाली जिवंत स्त्री कशी दडपली जाते, हे दाखविणे हाच नलिनीबाईंच्या कलेचा मध्यवर्ती हेतू आहे, असे आम्हांस वाटते.

हे केवळ कल्पनेचे प्रकरण नव्हे. बंगालच्या फाळणीच्या काळात, १९०५ साली, अवनींद्रनाथ टागोर यांनी भारतमातेचे चित्र काढले. ग्रंथ, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ चार हातांत धारण करणारी ती भगव्या वस्त्रांतील तपस्विनी लोकांच्या मनात ठसली. देश म्हणजे माता ही भावना उदात्त आहे आणि तिने असंख्य लोकांना त्यागाची प्रेरणा दिली, याविषयी दुमत नाही. परंतु भूमी म्हणजे स्त्री असे एकदा ठरले की स्त्री म्हणजे भूमी असे मानण्यास वेळ लागत नाही, आणि भूमी तर जिंकावयाची वस्तू असते! १९४७ साली याचा भयंकर प्रत्यय आला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना स्त्रिया पळविल्या गेल्या. शासकीय अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५०,००० मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया अशा अडकल्या होत्या. दोन्ही सरकारांनी त्यांना परत मिळविण्याचा करार केला आणि भारतात १९४९ साली त्यासाठी कायदा झाला. हेतू चांगला असला, तरी परत जाण्याची इच्छा आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याने स्त्रीला दिला नव्हता. प्रथम शत्रूने पळविले, मग राज्याने परत आणले. दोन्ही वेळा तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवला नाही.

समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी १९९६ मध्ये भाषा, देह आणि वेदना यांच्या संबंधावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. राष्ट्राच्या उभारणीच्या कथेत स्त्रीचा देह कसा वापरला गेला आणि ज्यांनी ते भोगले त्यांच्या मुखी शब्द का आले नाहीत, याचा विचार त्यात आहे. या निबंधाच्या आधारे नलिनीबाईंनी ‘मदर इंडिया’ ही कृती रचली आणि २००५ साली ती व्हेनिस येथे दाखविली गेली. पाच मोठ्या पडद्यांवर एकाच वेळी चालणारी ही चलत्‌चित्रे आहेत. फाळणीच्या काळातील जुन्या चित्रफितींचे तुकडे, राष्ट्रमातेच्या प्रतिमा आणि स्त्रियांचे चेहरे त्यांत एकमेकांवर येऊन आदळतात. भूतकाळातील फाळणी आणि २००२ मधील गुजरातची दंगल ही एकाच साखळीतील कड्यांप्रमाणे जोडली जातात. एकाच पडद्यावर एकच गोष्ट सांगितली असती, तर प्रेक्षक ती ‘समजली’ म्हणून निश्चिंत होऊन गेला असता. पाच पडद्यांमुळे काही ना काही त्याच्या नजरेतून निसटत राहते आणि आपण सर्व पाहिले असे समाधान त्याला लाभत नाही.

याआधी १९९८ साली पोखरण येथे अणुस्फोट झाले, तेव्हा नलिनीबाईंनी सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेचे स्मरण केले. वेड्यांच्या इस्पितळातील रहिवाशांचीही फाळणी करावयास निघालेल्या शहाण्यांची ती कथा वाचकांना ठाऊक असेलच. नलिनीबाईंची कृती मुंबईच्या त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका होत्या आणि त्यांत निर्वासितांची दृश्ये दाखविणारे दूरदर्शनचे संच ठेवलेले होते. घरदार सोडताना हाती लागेल ते ट्रंकेत कोंबून निघालेली माणसेच जणू त्या ट्रंकांत कोंबली होती. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया दिसत. त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. मध्ये मात्र सर्व दालनाचे अंतर आहे आणि त्याच दालनात अणुस्फोटाचे दृश्य चालू आहे. साडीची घडी घालण्यास दोन माणसे लागतात, हा आपल्या घराघरांतील अनुभव. एक टोक भारतात आणि एक पाकिस्तानात असेल, तर ही घडी जमणार कशी? दोन राष्ट्रांच्या वैराविषयी पुष्कळ व्याख्याने झाली असतील, परंतु त्याचे मर्म इतक्या साध्या गृहकृत्यातून क्वचितच कोणी सांगितले असेल.

आम्हां बडोदेकरांच्या दृष्टीने २००३ मधील ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’, म्हणजे ‘विविधतेत एकता’, ही कृती विशेष जिव्हाळ्याची आणि तितकीच बोचणारी आहे. तिचा आधार आहे राजा रविवर्मा यांचे एक प्रसिद्ध चित्र. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने रविवर्मा यांनी बडोद्यात काम केले, लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चित्रे काढली, याचा आम्हांला अभिमान आहे. प्रस्तुत चित्र मात्र त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर दरबारासाठी काढले. निरनिराळ्या प्रांतांच्या व धर्मांच्या वेशांतील अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत, असा त्याचा विषय. एकात्म भारताचे इतके मोहक चित्र दुसरे सापडणे कठीण. नलिनीबाईंनी हे चित्र सोनेरी चौकटीत चलत्‌चित्ररूपाने मांडले, तेही मध्यमवर्गीय घरातील बैठकीच्या खोलीत. खोलीच्या भिंती लाल आहेत आणि त्यांवर राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी आहेत. संगीत चालू असताना बंदुकीच्या गोळ्यांचे आवाज येतात आणि गुजरातमधील २००२ च्या हत्याकांडाची छाया त्या वादिकांवर पसरते. त्या वर्षी बडोदेही त्या आगीतून सुटले नव्हते. अकरा वेशांतील अकरा स्त्रिया एकत्र बसवून चित्रात ऐक्य साधता येते. प्रत्यक्षात मात्र दंगलखोर त्या वेशावरूनच आपले सावज ओळखतो. आपल्या बैठकीच्या खोलीत बसून हे पाहणारे आपणही त्या चित्राबाहेर राहत नाही, हे त्या खोलीच्या मांडणीने सुचविले आहे.

येथवर विषयाचा विचार झाला. आता तंत्राचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण नलिनीबाईंच्या बाबतीत तंत्र आशयापासून वेगळे काढता येत नाही. त्यांचे एक आवडते तंत्र म्हणजे पारदर्शक पत्र्यावर उलट्या बाजूने रंगविणे. काचेवरील चित्रांची ही पद्धत अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आली आणि तंजावरसारख्या ठिकाणी रुजली. नलिनीबाईंनी ती १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बडोद्याचे चित्रकार भूपेन खक्कर यांच्यापासून घेतली. नेहमीच्या चित्रात आधी पार्श्वभूमी आणि शेवटी बारकावे रंगवितात. येथे क्रम उलटा असतो. चित्र दुसऱ्या बाजूने पाहावयाचे असल्यामुळे डोळ्यांतील बुबुळ, ओठांची कड असे बारकावे प्रथम काढावे लागतात आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी येते. आधी माणूस, मग त्याच्याभोवतीचा इतिहास, असा हा क्रम आहे. रंगविलेले पारदर्शक पत्रे गुंडाळून त्यांची नळकांडी करतात, ती छताला टांगून सावकाश फिरवितात आणि त्यांतून प्रकाश सोडतात. मग भिंतींवर सावल्यांची मिरवणूक सुरू होते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जतन केलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तेथेही रंगीत आकृतीमागे दिवा असतो आणि पडद्यावर रामकथा हलू लागते. अंतर इतकेच की येथे प्रेक्षक पडद्यापुढे स्वस्थ बसलेला नसतो. तो सावल्यांच्या मधून चालतो आणि त्याची स्वतःची सावलीही त्यांत मिसळू शकते.

दुसरे तंत्र म्हणजे पुसून टाकणे. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवर त्यांनी शहराचे मोठे चित्र रेखाटले आणि ठरलेले दिवस संपताच ते पांढऱ्या रंगाखाली नाहीसे केले. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे आपल्या दुर्लक्षामुळे नष्ट होत चालली, ही खंत त्यामागे होती आणि वाढत्या धर्मांधतेविरुद्धचा निषेधही होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि त्या व पुढच्या महिन्यांत मुंबई दंगलींनी होरपळली. पुसलेले चित्र विकता येत नाही की संग्रही ठेवता येत नाही. ते केवळ पाहणाऱ्याच्या स्मृतीत राहते. स्मृती जपण्याची जबाबदारी अशा रीतीने चित्रकर्ती प्रेक्षकावर सोपविते.

मग या चित्रांतील स्त्रिया कोण? १९९३ मध्ये अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी हायनर म्यूलर या जर्मन नाटककाराच्या संहितेवर मेडियाचा प्रयोग केला. परक्या देशात नेऊन पतीने टाकलेली, आणि सूडाच्या भरात आपल्याच मुलांना मारणारी ही ग्रीक नायिका पुढे नलिनीबाईंच्या चित्रात आपल्या सीतेशेजारी येऊन उभी राहिली. दोघींच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सोडून दिले जाणे मात्र दोघींच्या वाट्याला आले. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे दाखविलेल्या मोठ्या कृतीचे नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून आलेले असून ‘लोपलेल्या रक्ताच्या शोधात’ असा त्याचा भावार्थ सांगता येईल. त्यात कॅसँड्रा आहे. तिला भविष्य दिसते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा शाप आहे. जर्मन लेखिका ख्रिस्ता वोल्फ यांनी १९८३ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली होती. आणि त्यातच महाश्वेतादेवींची द्रौपदीही आहे. व्यासांच्या द्रौपदीला संकटसमयी वस्त्रे पुरविणारा भगवंत होता. महाश्वेतादेवींची संथाळ द्रौपदी ताब्यात असताना अत्याचार सोसते आणि सकाळी दिलेले वस्त्र नाकारून, जखमी अंगाने, तशीच अधिकाऱ्यापुढे चालत जाते. लाज कोणाला वाटावयाची, हा प्रश्न ती कृतीने विचारते आणि शस्त्रधारी पुरुष प्रथमच भयभीत होतो. ‘तिची अब्रू गेली’ या वाक्याला इतके सडेतोड उत्तर आधुनिक भारतीय वाङ्मयात आम्हांस दुसरे आठवत नाही.

या चित्रांवर आक्षेप घेतले जातील हे उघड आहे. पहिला आक्षेप नग्नतेचा. नलिनीबाईंच्या चित्रांतील देह पुष्कळदा उघडे, विद्रूप, तुटलेले असतात. पण अश्लीलता वस्त्राच्या अभावात नसते. पाहणाऱ्याच्या उपभोगासाठी देह मांडण्यात ती असते. हे देह तसे मांडलेले नाहीत. त्यांच्याकडे पाहून सुख होत नाही आणि ते व्हावे असा हेतूही नाही. दुसरा आक्षेप दुर्बोधतेचा, आणि त्यात तथ्य आहे. ग्रीक पुराणकथा, उर्दू कविता, जर्मन नाटक आणि बंगाली कथा एकाच दालनात गर्दी करतात, आवाजावर आवाज चढतो आणि यांपैकी काहीच न वाचलेला प्रेक्षक गोंधळून जातो. प्रतिमांच्या या भडिमारात एखाद्या साध्या दृश्याचा परिणाम बोथट होतो, असेही म्हणता येईल. साडीच्या घडीइतके निरलंकार दृश्य त्यांच्या सर्वच कृतींत आढळत नाही. मात्र हीच उणीव वाङ्मयाच्या शिक्षकाला निमंत्रणासारखी वाटावी. चित्र समजून घेण्यासाठी ज्या कथा ठाऊक असाव्या लागतात, त्या सांगणे हे तर आपलेच काम आहे.

२०१८ च्या जानेवारीत जम्मू-काश्मीरमधील कठुआ येथे आठ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तिच्या समाजाला तेथून हुसकून लावण्यासाठी हे केले गेले, असे पोलिसांच्या आरोपपत्रात म्हटले होते. म्हणजे पुन्हा तेच, भूमीसाठी देह! त्या मुलीच्या स्मरणार्थ नलिनीबाईंनी ‘कॅन यू हिअर मी?’, अर्थात ‘माझा आवाज ऐकू येतो का?’, ही कृती सिद्ध केली आणि २०२० साली ती लंडनच्या व्हाइटचॅपल दालनात दाखविली गेली. सत्तरी ओलांडलेल्या या चित्रकर्तीने संगणकाच्या पाटीवर बोटाने रेखाटलेली ८८ छोटी चलत्‌चित्रे तेथे भिंतींवर धावत होती. शाळकरी मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी ती घाईची, अडखळती, खोडलेली चित्रे आहेत.

त्या शीर्षकातील प्रश्न शिक्षकांनी आपल्याला उद्देशून आहे असे समजावे, अशी आमची विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण काही चित्रदालने पाहावयास जाऊ शकणार नाही; परंतु प्रत्येकाच्या हाती एक वर्ग आहे. महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग शिकविताना, द्रौपदीने त्या सभेत विचारलेल्या प्रश्नाला भीष्मांनाही निश्चित उत्तर देता आले नाही, हे मुलांना सांगता येईल. वरच्या वर्गांत त्या शेजारी महाश्वेतादेवींची कथा चर्चेस घेता येईल. फाळणी शिकविताना सीमारेषेबरोबर त्या ८३,००० स्त्रियांचाही उल्लेख करता येईल. आणि निबंधात एखाद्या विद्यार्थ्याने ‘तिची अब्रू गेली’ असे लिहिले, तर समासात लाल शाईने एवढेच विचारता येईल की या वाक्यात अपराध करणारा कोठे आहे? असा प्रश्न वर्गात एकदा मोकळेपणाने विचारला गेला, तर मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीला आपला आवाज ऐकू जाईल असा विश्वास वाटेल, आणि तिच्या शेजारच्या रांगेतील मुलालाही लाजेचे योग्य स्थान कोणते ते कळेल.